पोलने काचा धुवायचं काम सुरू करताय? पोल नंतर घ्या, आधी पाण्याचं बघा

काम काय ते आधी सांगतो, कारण अर्ध्या लोकांना वाटतं हे प्रेशर वॉशरचं काहीतरी आहे. तसं नाही. एक लांब पोल असतो, एकातून एक भाग बाहेर काढत लांब करायचा, टोकाला ब्रश, ब्रशमधून बारीक धारेने पाणी येत राहतं, आपण खाली जमिनीवर उभं राहून तिसऱ्या मजल्याची काच घासायची, त्याच पाण्याने धुवायची आणि ओली तशीच सोडून पुढे जायचं. वायपर नाही, साबण नाही, फडकं नाही. काच आपली आपण सुकते आणि डाग पडत नाही, कारण डाग पडण्यासारखं त्या पाण्यात काही ठेवलेलंच नसतं.

ही पद्धत खरी रुळली ती इंग्लंडात. तिथे खिडक्या धुणारा म्हणजे गल्लोगल्ली फिरणारा स्वतंत्र धंदेवाला, पूर्वी शिडी आणि बादली घेऊन फिरायचा, २००५ साली उंचीवरच्या कामाचे नवे नियम आले, शिडीवर बंदी नाही आली पण जे जमिनीवरून होतंय ते जमिनीवरूनच करा असं आलं, आणि मग बऱ्याच जणांच्या गाडीत पाण्याची टाकी आणि पोल दिसायला लागला. आपल्याकडे अजून दोनच टोकं आहेत, तळमजल्यावर वायपरवाला आणि वर दोरीला लटकलेली पोरं. मधल्या दोन-तीन-चार मजल्यांचं काम शिडी लावून नाहीतर खिडकीतून अर्धं बाहेर वाकून चाललेलं असतं, आणि ते बघताना आपल्याच पोटात गोळा येतो. पोलची जागा तिथे आहे. त्याच्या वर दोरीवालेच, उगाच ६० फुटांचं स्वप्न बघू नका.

मी पुण्यात हाउसकीपिंगची छोटी कामं घेतो. सुरुवातीला मी जी चूक केली तीच बहुतेक सगळे करतात, आधी पोल घेतला. व्हिडिओ बघितले, पोल मागवला, ब्रश लावला, वाघोलीकडच्या एका शोरूमचं दोन मजल्यांचं काम घेतलं आणि तिथल्याच नळाला पाइप जोडून सकाळी सकाळी मस्त काचा धुतल्या, ओल्या असताना काय चमकत होत्या. दुपारी फोन. गेलो तर सगळ्या काचांवर पांढरे ठिपके, म्हणजे धुवायच्या आधी बऱ्या होत्या म्हणायची वेळ. बोअरचं पाणी होतं. नंतर मीटर घेऊन मोजलं तर टीडीएस ६४०. म्हणजे एका लिटरमध्ये ६४० मिलिग्रॅम क्षार, १०० लिटर पाणी वापरलं तर ६४ ग्रॅम, साधारण चार मोठे चमचे मीठ मी स्वतःच्या हाताने त्या काचांवर फवारून आलो होतो. सगळं परत शिडीवर चढून वायपरने करून द्यावं लागलं, फुकट.

म्हणून पहिली खरेदी टीडीएस मीटर. काही शे रुपयांत येतो, पेनसारखा असतो. काच नुसती सुकू द्यायची असेल तर पाण्याचा टीडीएस शून्य पाहिजे, ५ पर्यंत बिनधास्त, १० च्या वर गेलं की काळ्या किंवा आरशासारख्या काचेवर उन्हात दिसायला लागतं. पिण्याच्या पाण्याशी हे मोजू नका, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे, म्हणजे "आमचं पाणी एकदम चांगलंय, आम्ही पितो" या वाक्याला आपल्या कामात काही अर्थ नाही. पुण्यात खडकवासल्याकडून येणारं महापालिकेचं पाणी घाटावरच्या पावसाचं, त्यात क्षार कमी, मुंबईचं तलावाचं पाणीही तसंच. पण उपनगरात टँकर आणि बोअर सुरू झाली की आकडा कुठल्या कुठे जातो, आणि एकाच सोसायटीत सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा असतो कारण टाकीत दोन्ही मिसळलेलं असतं. दर वेळी मोजायचं.

आता शून्य करायचं कसं. दोन गोष्टी आहेत, आरओ आणि रेझिन. आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे त्यातला बारीक गाळणारा पडदा, ९५ टक्क्यांच्या आसपास क्षार काढतं, म्हणजे ६४० चं ३०-३२ होतं. ते अजून डाग पाडणारच, म्हणून पुढे डीआय रेझिनचं भांडं, ज्याला मिक्स बेड म्हणतात. बारीक मोहरीसारखे दाणे असतात, ते पाण्यातले उरलेले क्षार धरून ठेवतात आणि बाहेर येतं ते शून्य. मग कोणी विचारेल की आरओ कशाला, सरळ रेझिनच लावू. लावा की, पण हिशोब बघा. ढोबळमानाने एक लिटर ताजं रेझिन २५,००० भागिले टीडीएस एवढे लिटर पाणी देतं. १०० टीडीएसला २५० लिटर. ६४० ला जेमतेम ४० लिटर, म्हणजे अर्धा तास काम केलं की रेझिन बाद. आणि आरओमधून ३२ होऊन आलेलं असेल तर तेच एक लिटर रेझिन जवळपास ८०० लिटरला पुरतं. चांगलं नळाचं पाणी मिळत असेल आणि काम महिन्यातून दोनदाच असेल तर नुसत्या रेझिनवर सुरुवात करायला हरकत नाही. बोअरचं पाणी असेल तर आरओशिवाय धंदा बसतच नाही.

दुकानात दोन ठिकाणी फसायला होतं. एक, रेझिन मागितलं की सॉफ्टनरचं रेझिन हातात देतात. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस तेवढाच राहतो, डाग पडतातच, फक्त पुसायला सोपे पडतात. सोसायटीचे सेक्रेटरी काका छाती पुढे काढून सांगतात की आमच्याकडे सॉफ्टनर प्लँट आहे, त्यांना हो म्हणायचं आणि मीटर बुडवायचा. (सॉफ्टनरचं पाणी आरओला द्यायला मात्र चांगलं, मेम्ब्रेनवर थर बसत नाही.) दुसरं, घरातला जुना आरओ वापरणार असाल तर त्यात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलची कार्ट्रिज असते, चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, ते बंद करा नाहीतर रेझिन आठवड्यात संपेल आणि तुम्ही रेझिनवाल्याला शिव्या देत बसाल. मेम्ब्रेनच्या आधी ५ मायक्रॉनचा गाळ पकडणारा फिल्टर आणि कार्बन फिल्टर दोन्ही पाहिजेत, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मेम्ब्रेन खातं.

घरगुती मेम्ब्रेनवर ८० जीपीडी असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसाला ८० गॅलन, ३०० लिटर, तेही २४ तास पूर्ण प्रेशरने चाललं तर. तासाला बारा लिटर धरा. ऐकायला कमी वाटतं पण रात्रभर लावून ठेवलं तर सकाळी १०० लिटरच्या वर पाणी तयार, आणि ब्रश चालू असताना मिनिटाला एक ते दीड लिटर लागतं, म्हणजे तासाभराचं नुसतं घासण्याचं काम होतं. सुरुवातीला पुरतं. ड्रमला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे ड्रम भरला की पाणी आपोआप बंद करणारा, न विसरता लावा, मी विसरलो होतो, पहाटे पार्किंगमध्ये तळं. आरओचं वाया जाणारं पाणी जेवढं शुद्ध मिळतं तेवढंच किंवा जास्तच असतं, ते वेगळ्या पिंपात घ्या, फरशी आणि गाडी धुवायला जातं, नाहीतर उन्हाळ्यात घरातलेच धंदा बंद पाडतील.

एसीचं पाणी चालेल का, हे सगळेच विचारतात. टीडीएस कमी येतो हे खरं, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि शेवाळ असतं, गाळून रेझिनमधून काढलं तर चालतं, थेट नको. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर एका खिडकीपुरतं ठीक, १०० लिटर विकत घेऊन बघा म्हणजे कळेल.

पंपासाठी फार डोकं लावू नका. शेतकरी फवारणीला पाठीवर जो बॅटरी पंप लावतात त्यातली १२ व्होल्टची मोटर असते ना, तीच जात. कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या आसपास सुटी मिळते. पाणी १० मीटर वर चढवायला एक बारच्या आसपास दाब लागतो, अधिक पाइपमधलं घर्षण, एवढं ती आरामात देते. शिवाय त्यात प्रेशर स्विच असतो, नळी बंद केली की मोटर आपोआप थांबते, ही सोय फार कामाची. बॅटरी ८ एएचची (अँपिअर-तास) असेल आणि मोटर ३ अँपिअर घेत असेल तर कागदावर अडीच तास, प्रत्यक्षात दोन धरा आणि दुसरी बॅटरी जवळ ठेवा. पाइप ६ किंवा ८ मिलिमीटर आतल्या मापाचा, जाड बागेचा पाइप पोलला लावला तर त्यातल्या पाण्याच्या वजनानेच हात भरून येतो.

पाण्याच्या वजनाचा विषय निघालाच आहे तर, ५०० लिटर म्हणजे अर्धा टन. छोटा हत्तीत टाकी ठेवली की झालं असं वाटतं, पण अर्धी भरलेली टाकी ब्रेक मारला की सगळं पाणी पुढे आणि गाडीही त्याच्या मागे. सुरुवातीला ३५-४० लिटरचे कॅन बरे, दोन माणसं उचलू शकतात आणि बांधताही येतात.

आता पोल. ॲल्युमिनियमचा स्वस्त, पण जड आणि वर गेला की वाकतो. ग्लास फायबरचा त्याहून बरा, २० फुटांपर्यंत चालतो. कार्बन फायबरचा हलका आणि ताठ, महाग. रोज दोन-तीन तास काम करायचं असेल तर कार्बनच घ्या, कारण २५ फुटांवर पोलचं वजन एक किलोने कमी असणं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी मान आणि खांदा सांगतात. ५० फुटी घेऊ नका, २५-३० फुटी घ्या, दोन मजल्यांची कामं त्यात होतात, लांब पोल छोट्या कामालाही तेवढाच जाड आणि जड पडतो. उघडताना सगळ्यात वरचा बारीक भाग आधी काढायचा, म्हणजे क्लॅम्प (भाग घट्ट धरणाऱ्या सांध्यावरच्या पकडी) हाताशी राहतात, आणि बंद करताना उलट, खालचा जाड भाग आधी. हे उलट केलं की क्लॅम्प १५ फुटांवर आणि आपण खाली वर बघत उभे.

विजेची तार. यावर मजा नाही. कार्बन आणि ॲल्युमिनियम दोन्हीतून करंट जातो, आणि ग्लास फायबरचा असला तरी ओला पोल आणि त्यातून पाण्याने भरलेली नळी, त्याचाही भरवसा धरू नका. आपल्याकडे ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाइन इमारतीच्या नाकाजवळून जाते. माझा नियम असा की पोल पूर्ण उघडून कुठल्याही बाजूला पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही, एवढी जागा असेल तरच पोल उघडायचा, नाहीतर त्या बाजूचं काम नाही म्हणून सांगायचं. पोरांना हे कामाच्या आधी साइटवर वर बोट दाखवून सांगा, फोनवर सांगून उपयोग नाही. वारा सुटला तरी बंद, खालून लोक ये-जा करत असतील तर रस्त्यावर ठेवतात तसले दोन ट्रॅफिक कोन आणि एक माणूस खाली उभा पाहिजेच.

कुठलं काम घ्यायचं हे पण कळलं पाहिजे. आपल्या फ्लॅटच्या खिडक्यांना बाहेरून ग्रिल, ग्रिलवर कुंड्या, कुंड्यांच्या मागे डिशची तार आणि वाळत घातलेले टॉवेल, तिथे ब्रश जाणारच नाही. शोरूम, छोटे हॉस्पिटल, क्लासेसच्या इमारती, ऑफिसच्या सरळ काचेच्या भिंती, ग्रिल नसलेले बंगले, हे आपलं गिऱ्हाईक. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतील तर खालच्या पट्टीतून पाणी आत येतं, आतून सगळ्या घट्ट लावून घ्या आणि खिडकीपाशी ठेवलेले कॉम्प्युटर, फायली हलवायला सांगा, हे आधी लेखी सांगा, नंतर सांगितलं की ते कारण वाटतं.

प्रत्यक्ष धुताना सकाळी सातला सुरू करा. मार्चनंतर पश्चिमेची काच दुपारी एवढी तापते की पाणी धुवून निघायच्या आधीच वाळतं, त्या बाजूला सकाळीच उरकायचं. आधी वरची चौकट आणि रबर, कारण सगळी धूळ तिथे बसलेली असते, ते नीट घासून धुतलं नाही तर काच धुऊन झाल्यावर तासाभराने तिथून काळे ओघळ उतरतात आणि लोक म्हणतात पाणी खराब. मग काच, वरून खाली, ब्रशचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत, कोपऱ्यात दोनदा. दाबायचं नाही, दाबलं की केस आडवे होतात आणि घासलंच जात नाही. मग धुणं, आणि खरं काम हेच आहे, घासण्यापेक्षा धुवायला जास्त वेळ द्या. काही काचांवर पाणी चादरीसारखं उतरतं, तिथे ब्रश दोन-तीन इंच लांब धरून वरून एकदा आडवं पाणी सोडलं की झालं. काही काचांवर, विशेषतः आरशासारख्या कोटिंगवाल्यांवर, मोत्यांसारखे थेंब होतात, तिथे ब्रश काचेला टेकवूनच हळूहळू वरून खाली आणायचा, नाहीतर थेंबात अडकलेली धूळ तिथेच राहते. बऱ्याच महिन्यांनी धुतली जाणारी काच असेल तर दोनदा धुवा, एकदाच्या पैशात होत नाही हे भाव सांगतानाच धरून ठेवा.

पहिल्या दोन खिडक्या धुतल्या की थांबा. चहा घ्या, पंधरा मिनिटं. सुकल्यावर बघा. ठिपके असतील तर पाणी, ओघळ असतील तर वरची चौकट, धुरकट असेल तर घासणं कमी पडलं. अख्खी इमारत झाल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

कबुतरांची घाण असेल तर सुक्यावर ब्रश कधीच नाही, ती धूळ फुप्फुसात गेली की दुखणं मागे लागतं. आधी पाणी सोडून भिजवा, मास्क लावा, मग घासा. जुने पांढरे क्षाराचे डाग, सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब हे पोलने निघत नाहीत. कोणी म्हणेल ॲसिड मारा. संडासचं ॲसिड काचेखालच्या ॲल्युमिनियमला आणि दगडाला खातं, आणि डाग काढायच्या काही केमिकलमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं ते हाडापर्यंत जातं, त्याच्या वाट्याला जाऊ नका. ते काम वेगळं, भाव वेगळा, तुमचा नसेल तर सरळ नाही म्हणा.

सोलर पॅनल हा जोडधंदा म्हणून फार चांगला. २०२४ साली केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून गच्च्यांवर पॅनल वाढलेत आणि धुतात बोअरच्या पाण्याने, म्हणजे धूळ जाऊन क्षार बसतो. तुमचं शून्य पाणी, मऊ ब्रश, तोच पोल, काही वेगळं घ्यायला लागत नाही. फक्त सूर्य वर यायच्या आधी, तापलेल्या पॅनलवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते, पॅनलवर पाय द्यायचा नाही, आणि कुठली वायर उघडी किंवा जोड सुटलेला दिसला तर पाणीच सोडायचं नाही.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा की काच ओली सोडणार आहे. आमच्या एका साइटवर वॉचमनकाकांना वाटलं पोरं अर्धं काम टाकून पळाली, बिचाऱ्यांनी स्टूल घेऊन तळमजल्याच्या सगळ्या काचा स्वतःच्या टॉवेलने पुसून काढल्या, मनापासून. वरच्या दोन मजल्यांच्या चकाचक आणि खाली सगळे टॉवेलचे फरांटे, आणि मॅनेजर आम्हाला विचारतोय की खालीच नेमकं काय बिघडलं. तेव्हापासून एक काच आधी धुऊन, सुकवून दाखवतो, मग बाकीचं.

दिवस संपला की पोलचे भाग वेगळे करून साध्या पाण्याने धुवा, आत वाळूचा कण राहिला की कार्बनवर चरे पडतात, आणि हातमोजे घाला, त्याचं कुसळ हातात घुसलं तर निघत नाही. रेझिन आणि मेम्ब्रेन कधी कोरडं पडू देऊ नका. पावसाळ्यात काम कमी होतं, महिनाभर काम नसलं तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पाणी सोडून या. रेझिनच्या भांड्यावर मार्करने तारीख आणि बाहेर आलेला टीडीएस लिहीत चला, शून्य शून्य शून्य दिसेल बरेच दिवस, मग १, २. पाच दिसला की नवीन मागवा, दहाची वाट बघू नका, कारण शेवटी तो आकडा एका दिवसात वर जातो आणि पाण्याला माशासारखा वास येतो. ते रेझिन घरी ॲसिड-कॉस्टिक टाकून परत जिवंत करायचे व्हिडिओ आहेत, मिक्स बेडमध्ये दोन प्रकारचे दाणे आधी वेगळे करावे लागतात, त्या फंदात पडू नका, नवीन भरा.